तिसऱ्या फळीचा खिळा

मोठ्या शहरात ज्याला एकट्याने बसायला एखादी जागा सापडते, त्याने ती कोणाला सांगू नये, एवढी अक्कल मांजरालाही असते. जिन्यातल्या कोणत्या पायरीवर किती वाजता ऊन येतं हे ते बाकीच्या मांजरांना कळवत फिरत नाही. पण मांजराने सरकारी नोकरी केलेली नसते. या गोष्टीतल्या गृहस्थांनी ती एकतीस वर्षं केली होती, आणि तीही टपालाच्या टेबलावर.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि ते तिथेच राहिलं. सगळे त्यांना पोचपावती म्हणत. ऑफिसात येणारा प्रत्येक कागद वहीत चढवायचा, त्याच्यावर शिक्का मारायचा आणि जाणाऱ्या प्रत्येक कागदाची पोच घ्यायची, एवढंच त्यांचं काम. पण ते अंगात इतकं मुरलं होतं की घरातला नळ गळायला लागला तर ते आधी तारीख आणि वेळ लिहून ठेवत आणि प्लंबरला बोलवायचं बायकोवर सोडून देत. जे लेखी नाही ते घडलंच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतःच्या लग्नाच्या बाबतीतही ते फोटोंपेक्षा दाखल्यावर जास्त विश्वास ठेवत.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि पुढची खोली उत्तरेला. थंडी सुरू झाली की त्या खोलीत चहा कपातून बशीत ओतेपर्यंत निवायचा. रविवारी तर दिवस खायला उठायचा. साडेदहा वाजले की बायको कपडे वाळत घालायला स्वयंपाकघरामागच्या अरुंद गॅलरीत जाई आणि दार लोटून घेई. सहा शर्ट, चार टॉवेल आणि किरकोळ, एवढ्याला तिला पाऊण तास लागे. पोचपावतींनी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं.

"पाऊण तासात आमच्याकडे शंभर टपालं चढवून होतात," त्यांनी तिला ऐकवलंही होतं.

"टपालाला सुरकुत्या पडत नाहीत," बायको म्हणाली होती.

त्या गॅलरीत बादल्या, पुसणी आणि कपडे धुण्याचं मशीन असतं, याहून अधिक माहिती पुरुषाने करून घ्यावी असं तिथे काही नाही, हे त्यांनी चौदा वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यामुळे रविवारी ते एकटेच पुढच्या खोलीत मफलर गुंडाळून बसत आणि पेपरातल्या निविदा वाचत.

अशाच एका रविवारी ते दुरुस्तीला टाकलेले बूट आणायला गेले आणि येताना, चार पावलं वाचावीत म्हणून, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत शिरले. गल्ली कसली, टाकीची भिंत आणि एका बंद छापखान्याची भिंत यांच्यामधली फट ती. पुढे ती जराशी रुंद होत होती आणि तिथे एक बाक होतं. लोखंडी पाय, लाकडाच्या पाच फळ्या, मागे विटांची भिंत. आणि समोरच्या दोन उंच इमारतींच्या मधून, जणू कोणी विसरून गेल्यासारखं, ऊन सरळ त्या बाकावर पडलं होतं.

पोचपावती बसले. पाठीला भिंतीची ऊब लागली. पिशवीत संत्री होती, त्यातलं एक काढून त्यांनी सोललं. साडेअकराला ऊन सरकलं तेव्हा ते उठले. मधल्या पन्नास मिनिटांत कोणी आलं नाही, कोणी काही विचारलं नाही, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काही नोंदवून ठेवावंसं वाटलं नाही. सांगायचं तर ते सुखी झाले होते. या माणसाला सुखाची सवय नव्हती, हीच पुढच्या सगळ्या भानगडीची मेख आहे.

तीन रविवार बरे गेले. "पाय मोकळे करून येतो," असं म्हणून ते सव्वादहालाच निघत. बायको त्यांच्या खिशात न मागता संत्रं घालत असे आणि "घाई करू नका, सावकाश या," असं दारापर्यंत येऊन सांगत असे. चौदा वर्षांत बायको दारापर्यंत आली नव्हती. पोचपावतींना वाटलं, बायकोला आपल्या तब्येतीची काळजी आहे.

चौथ्या रविवारी बाकावरून उठताना चर्र असा आवाज झाला. तिसऱ्या फळीचा एक खिळा वर आला होता आणि त्याने त्यांच्या पँटची, ऑफिसात घालायच्या दोनांपैकी बऱ्या पँटची, मागची बाजू वीतभर उसवली होती. घरी येईपर्यंत ते पेपर मागे धरून चालले.

आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? घरात हातोडी होती. टीव्हीखालच्या खणात, दोऱ्याच्या रिळांशेजारी. बायकोने ती काढून टेबलावर ठेवलीसुद्धा.

"सार्वजनिक मालमत्तेला परस्पर हात लावता येत नाही," पोचपावती म्हणाले.

"मग उशी न्या."

"प्रश्न माझ्या पँटचा नाही. उद्या तिथे दुसरं कोणी बसेल."

"तिथे कोणी येत नाही म्हणूनच जाता ना तुम्ही? अहो, सुखाचा जीव दुःखात कशाला घालताय?"

पण तोवर त्यांनी कोरा कागद काढून समास दुमडला होता. विषय: टाकीमागील सार्वजनिक बाकाच्या तिसऱ्या फळीचा खिळा वर आल्याबाबत. बाकाची जागा समजावी म्हणून त्यांनी खाली नकाशाही काढला, आणि ऊन कोणत्या वेळेत येतं ते तळटीपेत दिलं. तीन प्रती केल्या. एक बाग खात्याला, एक वॉर्ड ऑफिसला आणि एक स्वतःला.

एवढ्यावरही बाक वाचलं असतं. दुसऱ्या कोणाचा असता तर हा अर्ज बाग खात्याच्या ढिगात पडून राहिला असता आणि पोचपावती पुढची दहा वर्षं संत्री खात बसले असते. पण बाग खात्याच्या टपालावर बसणारा माणूस त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनी त्याला फोन केला आणि आपला अर्ज ढिगाखालून काढून वर ठेवायला लावला. आ बैल मला मार म्हणतात ते यालाच. इथे तर बैल गाढ झोपला होता आणि यांनी गोठ्यात जाऊन त्याला उठवला.

आठव्या दिवशी उत्तर आलं. संदर्भाधीन बाक या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही, सबब ते अस्तित्वात असल्यास पंधरा दिवसांत हटविण्यात येईल, आणि अस्तित्वात नसल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल. पोचपावतींनी ते दोनदा वाचलं. भाषेत चूक काढायला जागा नव्हती. असली वाक्यं त्यांनी स्वतः हजारो वेळा पाकिटात घालून पाठवली होती. पाकिटाच्या या बाजूला उभं राहायची वेळ मात्र पहिलीच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते बाग खात्यात गेले. तिथले निरीक्षक टेबलाच्या खणात डबा ठेवून जेवत होते. त्यांनी फाइल पाहिली, पोचपावतींकडे पाहिलं आणि घास गिळला.

"घरात हातोडी नव्हती का?"

"होती," पोचपावती म्हणाले.

"मग?"

त्यांनी अर्ज मागे घ्यायची तयारी दाखवली.

"घ्या की. लिहून द्या, की असं बाक तिथे नाही, माझा समज चुकीचा होता. मी फाइल बंद करतो. बाक राहील जिथे आहे तिथे, तुम्ही बसा जन्मभर."

इतका सरळ मार्ग आयुष्यात क्वचित मिळतो. कागद समोर होता, पेन खिशात होतं. पण खोटं विधान फाइलीत घालायचं, आणि तेही स्वतःच्या सहीने, हे त्यांना जमेना. बाक तर होतं. नकाशा त्यांनीच काढला होता. त्यांनी कागद तसाच परत सरकवला, आणि निरीक्षकांनी सुस्कारा सोडून खणातून दुसरा नमुना काढला.

"मग बाक नियमित करून घ्या. सार्वजनिक वापरात आहे असं दाखवा. पंचवीस रहिवाशांच्या सह्या लागतील."

अशा रीतीने, ज्या जागेचं सगळं सुख ती कोणाला ठाऊक नसण्यात होतं, त्या जागेवर पंचवीस सह्या गोळा करत पोचपावती दारोदार हिंडू लागले. पहिली सही बायकोने केली, न वाचता. "लवकर होऊ दे एकदाचं," ती म्हणाली, "रविवारी तुम्हाला बसायला जागा पाहिजे." तिच्या आवाजात खरी कळकळ होती. बाकीच्या चोवीसांनी मात्र सही करण्याआधी, बाक कुठे आहे, ऊन किती वाजता येतं आणि आम्हाला इतके दिवस का सांगितलं नाही, असं विचारून घेतलं. सोसायटीचे सेक्रेटरी तर दुखावलेच. "तुम्ही एकटेच ऊन खात होता आणि आम्ही इथे गोठत होतो," असं ते लिफ्टमध्ये सर्वांदेखत म्हणाले.

पुढच्या रविवारी पोचपावती गल्लीत शिरले तेव्हा बाकापाशी एकोणीस माणसं होती. बाकावर पाच, भिंतीला टेकून सहा, बाकीची ऊन अडवून उभी. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, ऊन छातीवर घ्यायचं की पाठीवर यावर बोलत होते आणि त्यांचं ऐकून लोक एकदम वळत होते. कोणी फोनवर गाणी लावली होती. शेजारच्या इमारतीतल्या निवृत्त हेडमिस्ट्रेसबाई कमरेवर हात ठेवून हे पाहत होत्या. मोकळ्या जागेत माणसं दिसली की त्यांना रांग लावायची, हे त्या बाईंनी छत्तीस वर्षं केलं होतं.

"वेळापत्रक पाहिजे," बाई म्हणाल्या.

तिथल्या तिथे बैठक झाली. शहरातल्या माणसाला शांतता मिळाली की तो आधी तिची समिती करतो. दर कुटुंबाला दहा मिनिटं ठरली. पन्नास मिनिटांत पाच कुटुंबं, म्हणजे एका कुटुंबाची पाळी दर पाचव्या रविवारी. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा पोचपावतींची चिठ्ठी सगळ्यांत शेवटी निघाली, म्हणजे थंडी संपता संपता. त्यांनी खाकरून, ही जागा मुळात मीच शोधली, असं सांगायचा प्रयत्न केला. सेक्रेटरी म्हणाले, "म्हणूनच तुमच्यावर मोठी जबाबदारी टाकतोय. नोंद कोण ठेवणार? हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही."

आणि इथे तो गृहस्थ विरघळला. सांगायला लाज वाटते, पण विरघळला. सेक्रेटरींच्या तोंडून, चारचौघांत, आपल्यावाचून अडतं हे ऐकायला मिळालं, एवढ्यावर त्याने स्वतःचं ऊन सोडलं. पुढचे दोन रविवार पोचपावती समोरच्या भिंतीखाली, जिथे दिवसभर सूर्य फिरकत नाही तिथे, घडीची खुर्ची टाकून बसले आणि कोण किती वाजता उन्हात बसलं आणि किती वाजता उठलं ते वहीत लिहीत राहिले. बोटं गारठली की ती काखेत धरायची आणि पुन्हा लिहायचं. डॉक्टर तीन मिनिटं जास्त बसले, त्याचा त्यांनी लाल शाईने शेरा मारला. खिळ्याबद्दल विचाराल तर तो तिथेच होता. जाणकार लोक त्यावर पेपर दुमडून ठेवत.

घरी आल्यावर ते शिंकत. बायको वाफ घ्यायला पाणी देई आणि विचारी, "पुढच्या रविवारी जाणार ना?"

"काय जाऊ? सावलीत बसायला?"

"जा हो. घरात बसून काय करणार?" बायको घाईघाईने म्हणे. त्यांना तेव्हाच शंका यायला हवी होती. पण शंका लेखी आल्याशिवाय त्यांना दिसत नसे.

एवढ्यात बायकोच्या धाकट्या भावाला ही बातमी लागली. मेहुण्याचा पत्र्याच्या शेड बांधायचा कारखाना होता, आणि जगात कुठेही उघडं आकाश दिसलं की त्याचा जीव कासावीस व्हायचा. तो येऊन बाक पाहून गेला. मग घरी येऊन सोफ्यावर बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

"भावोजी, बाबांच्या नावाने काहीतरी करायचं कधीपासून मनात होतं. तुमच्या बाकावर मी छप्पर घालून देतो. फुकट."

"अरे, पण तिथे आम्ही उन्हासाठी बसतो," पोचपावती म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. उन्हात बसावं लागतं बिचाऱ्यांना."

पोचपावतींनी बायकोकडे पाहिलं. ती भावाला चहा देत होती आणि तिने खांदे उडवले. वडिलांच्या स्मारकाला मुलगी नाही कशी म्हणणार, आणि सासऱ्यांच्या स्मारकाला जावई विरोध कसा करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. समितीने टाळ्या वाजवून ठराव केला, बाग खात्यानेही फुकटचं म्हणून मान्यता दिली, आणि आठवड्याभरात बाकावर निळं, जाड, चारी बाजूंनी हातभर पुढे आलेलं छप्पर उभं राहिलं. खांबावर पाटी लागली: कै. बाबांच्या स्मरणार्थ, नागरिकांचे उन्हापासून संरक्षण व्हावे म्हणून. सासऱ्यांनी हयातीत जावयाला कायम उन्हात उभं केलं होतं. गेल्यावर सावलीत बसवलं.

उद्घाटनाला निरीक्षक स्वतः आले. रविवार, पावणेअकराचा सुमार. छपराच्या वर लख्ख ऊन होतं आणि छपराखाली आणि भिंतीच्या सावलीत पन्नास माणसं कुडकुडत उभी होती. हे काय झालं ते एकाच्याही लक्षात आलं नाही. बाई म्हणाल्या, "आता कसं, शिस्तीत वाटतं." निरीक्षकांनी, नियमित झालेलं हे वॉर्डातलं पहिलंच बाक आहे, असं सांगितलं आणि सर्वांच्या आग्रहावरून ते पहिल्यांदा त्यावर बसले. सत्कार झाला, फोटो झाला. मग ते उठले, आणि पोचपावतींच्या ओळखीचा तो आवाज झाला.

चर्र.

पाच मिनिटांत बाकाभोवती दोरी बांधली गेली. बाक धोकादायक, पुढील आदेशापर्यंत वापरास बंद. निरीक्षकांनी पाठ भिंतीला लावून उभ्याउभ्याच आणखी एक कागद लिहिला आणि पोचपावतींच्या हातात दिला. आपल्या दिनांकित अर्जावरून असे दिसते की सदर खिळ्याची आपणांस पूर्वकल्पना होती; तरी आपण योग्य ती खबरदारी का घेतली नाही याचा सात दिवसांत खुलासा करावा. सोबत त्यांच्याच अर्जाची प्रत जोडली होती, नकाशासकट.

"पोच द्या," निरीक्षक म्हणाले.

त्यांनी सवयीने सही केली, तारीख घातली आणि वेळही घातली. मग वही सेक्रेटरींच्या हातात ठेवली आणि ते घरी निघाले. त्यांना रडू येत होतं. खुलाशाचं त्यांना काही नव्हतं, असे खुलासे ते झोपेत लिहितील. पण थंडीचे दोनच रविवार राहिले होते, आणि ती पन्नास मिनिटं आता या शहरात कुठेही नव्हती.

घरात कोणी दिसेना. पुढची खोली नेहमीसारखी गार. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी हाक मारली, उत्तर आलं नाही. स्वयंपाकघरामागचं दार लोटलेलं होतं आणि खालच्या फटीतून लादीवर एक पिवळी रेघ आली होती. पोचपावतींनी चौदा वर्षांत प्रथमच ते दार ढकललं.

सहा शर्ट आणि चार टॉवेल पुढच्या दोरीवर पडद्यासारखे ओळीने लावलेले होते, केव्हाचेच, कारण बाह्या वाळत आल्या होत्या. त्यांच्या आडोशाला मशीनला पाठ टेकून, एका बाजूने विटलेल्या उशीवर, बायको बसली होती. पाय उलट्या बादलीवर. मांडीवर पुस्तक, शेजारी बशीत संत्र्याच्या साली. आणि ऊन तिच्या पायांपासून कपाळापर्यंत सगळीकडे पसरलं होतं, त्या बाकावर कधी आलं नव्हतं इतकं.

तिने चष्म्यावरून पाहिलं. दचकली नाही, फक्त जरा वाईट वाटल्यासारखं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"हे इथे कधीपासून येतं?" पोचपावतींनी विचारलं.

"घर घेतलं तेव्हापासून. थंडीत फक्त. साडेदहा ते सव्वाअकरा."

"चौदा वर्षं?"

"हो."

या प्रसंगाला अगदी चपखल अशी एक म्हण आपल्याकडे आहे, कळशाची आणि वळशाची. बायकोने ती उच्चारली नाही, हा तिचा मोठेपणा.

"मला कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

बायकोने संत्र्याची एक फोड सोलली, बी काढली आणि फोड बशीत ठेवली.

"बोलले असते तर आज इथे बाबांच्या नावाचं छप्पर असतं."

ते अजून उंबऱ्यातच उभे होते. खाली कुठेतरी मेहुणा लोकांना पाटी वाचून दाखवत असेल, सेक्रेटरी वहीत त्यांच्या नावापुढे गैरहजर असं लिहीत असतील. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, आणि शेवटी पाय खाली घेऊन उलटी बादली त्यांच्याकडे सरकवली.

ते बसले. उन्हाची दोन-तीन मिनिटं उरली होती. पाठ टेकताना त्यांना दिसलं की दोरीचा भिंतीतला हूक ढिला झाला आहे, चांगला बोटभर बाहेर आला आहे, आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. बायको त्या हाताकडे बघत राहिली.

हात तसाच खाली आला आणि त्याने बशीतली फोड उचलली.

"दार लोटून घ्या," बायको म्हणाली. "शेजारच्यांना अजून माहीत नाही."